तुमचा खरा वाद विमा कंपनीशी आहे : खान्देशातील ट्रकमालकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील ट्रकमालक, ट्रान्सपोर्टवाले आणि त्यांच्या संघटना यांस,

मंडळी, सप्रेम नमस्कार.

अपघाताच्या दाव्याचे समन्स घेऊन मालक वकिलाकडे येतो तेव्हा पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "इमा शे ना, मंग कसानी चिंता?" तोवर समन्स दोन-तीन महिने गाडीच्या कागदांत पडून असते, तारीख उलटलेली असते आणि दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा हुकूम झालेला असतो. विमा आहे हे खरे. पण तो कोणाच्या बाजूने उभा राहील, हे ठरायचे असते.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तीन पक्ष असतात : मयताचे वारस किंवा जखमी, गाडीमालक आणि विमा कंपनी. कंपनीचा वकील हा कंपनीचा वकील असतो, तुमचा नव्हे. त्याची लेखी कैफियत वाचून पाहा. अपघात झालाच नाही, झाला असेल तर चूक समोरच्याची, आणि आमच्या गाडीची चूक निघालीच तर मालकाने पॉलिसीच्या अटी मोडल्या म्हणून आम्ही जबाबदार नाही. पहिली दोन वाक्ये दावेदाराविरुद्ध आहेत. तिसरे तुमच्याविरुद्ध आहे. तुम्ही कोर्टात नसाल तर त्याला उत्तर द्यायला कोणीच उरत नाही. मग मयताचे घर उघड्यावर पडू नये म्हणून न्यायाधिकरण कंपनीला सांगते : आधी भरा, नंतर मालकाकडून वसूल करा. त्या वसुलीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ चा आधार असतो. दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. रावेर-यावलकडे केळीचा मळा आणि दारात दोन ट्रक असलेली घरे पुष्कळ आहेत. बोजा ट्रकवर नाही, सातबाऱ्यावर चढतो.

रक्कम किती असते, ते एकदा मांडून पाहू. मयत ३४ वर्षांचा, महिना १५ हजार कमावणारा, घरी बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) निकालांप्रमाणे वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही म्हणून भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के मिळवायचे : २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : १ लाख ८९ हजार. या वयाला गुणक १६. झाले ३० लाख २४ हजार. त्यावर अंत्यविधी, सहवास वगैरेंची ठरलेली रक्कम, आणि दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज. दावा चार वर्षे चालला तर ३५ लाखांच्या पुढे. हा हिशेब एका साध्या मजुराचा आहे, डॉक्टर-इंजिनिअरचा नाही. दावेदाराला पैसे मिळणार आहेत आणि मिळायलाच हवेत. प्रश्न एवढाच, की ते कंपनीच्या तिजोरीतून जाणार की तुमच्या शेतातून.

कंपनीचे पहिले हत्यार लायसन्स. कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला मोजके बचाव दिले आहेत. त्यांत परवाना नसलेला किंवा रद्द झालेला चालक येतो, दारू-नशेत चालवणे येते, आवश्यक परमिट नसणे येते. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग निकालाने (२००४) मालकाला मोठा आधार दिला : लायसन्स खोटे निघाले तरी मालकाने ते जाणूनबुजून चालवून घेतले किंवा वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करायचे. पण काळजी घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे? चालक ठेवताना लायसन्सची झेरॉक्स काढून फायलीत टाकणे म्हणजे काळजी नव्हे. लायसन्सच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकली की दोन मिनिटांत तपशील दिसतो. त्याच दिवशी प्रिंट काढा, मागे "गाडी चालवून पाहिली, चालवणे ठीक" असे लिहून तारीख घाला आणि चालकाची सही घ्या. एवढा कागद साक्षीच्या वेळी फार वजन टाकतो.

मुदतीचा मुद्दा आणखी बारीक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वाहनाचे लायसन्स पाच वर्षांचे झाले आणि घातक माल वाहण्याची नोंद तीन वर्षांची. त्याच दुरुस्तीने मुदत संपल्यानंतरची तीस दिवसांची सवलत गेली. ती अजून आहे असे समजून गाडी सोडणारे मालक अजूनही भेटतात. आज संपलेले लायसन्स उद्या सकाळी लायसन्स नसल्यासारखेच. गॅस, ॲसिड, स्पिरिटचे टँकर चालवणाऱ्यांची घातक मालाची नोंद वेगळी तपासा, कारण मुख्य लायसन्स जिवंत आणि ही नोंद मेलेली, असे सर्रास होते. छोटा हत्ती, पिकअपवाल्यांना मात्र दिलासा आहे : ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे साधे लायसन्स चालते, हे २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालाने सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. कंपनी अजूनही सवयीने हा बचाव घेते. उत्तर न देता सोडू नका.

दुसरे हत्यार परमिट. बिनपरमिट गाडी हा मूलभूत भंग मानून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये "भरा आणि वसूल करा" हाच मार्ग दाखवला. फिटनेसबाबत (गाडी रस्त्यालायक असल्याच्या दाखल्याबाबत) सगळ्या उच्च न्यायालयांचा सूर एक नाही, पण त्या भरवशावर गाडी रस्त्यावर काढण्यात शहाणपण नाही. जादा माल हा कलम १५० मधला स्वतंत्र बचाव नाही. पण काट्याची पावती पंचनाम्याला लागली की चालकाच्या निष्काळजीपणाचा मुद्दा तिथेच निम्मा सिद्ध होतो. शिवाय दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, तो वेगळा.

तिसरे हत्यार केबिनमधली आणि मालावरची माणसे. इथे खान्देशातले मालक सर्वांत जास्त फसतात. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बसू शकतो, तुमचा चालक आणि गाडीवरचे कामगार बसू शकतात. त्यांचे दायित्व पॉलिसीत येते. पण केळी कापणीचे मजूर, लग्नाचे वऱ्हाड, चैत्रात सप्तशृंगीला निघालेले भाविक, रस्त्यात हात दाखवून बसलेला शिक्षक, यांच्यासाठी मालवाहू पॉलिसीत जागा नाही. आशा राणी निकालापासून (२००३) हे स्पष्ट आहे. पिकअपमधून वीस बायका कापूस वेचायला गेल्या आणि गाडी उलटली, तर वीस दावे येतात आणि प्रत्येकात कंपनी हात वर करते. चालकाने परस्पर बसवले, आम्हाला माहीत नव्हते, हे चालत नाही, कारण चालक कामावर असताना केलेल्या कृत्याची जबाबदारी मालकावर येते.

आता अपघाताच्या घटकेला काय करायचे. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचे आणि विमा कंपनीला पॉलिसी नंबर, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती आणि स्वतःच्या लायसन्सचा तपशील लेखी द्यायचा. जमाव चिडला असेल तर जागेवर थांबून जखमीला नेणे शक्य नसते, हे कायद्यानेही मान्य केले आहे. पण त्याचा अर्थ घरी पळून जाणे नव्हे. ११२ ला फोन लावायचा, गाडी सोडून सरळ पुढच्या ठाण्यात हजर व्हायचे. नरडाण्याजवळ अपघात झाला आणि चालक तासाभरात शिरपूर ठाण्यात बसलेला असला, तर स्टेशन डायरीची ती नोंद पुढे दहा साक्षीदारांचे काम करते. पळालेल्या चालकाच्या बाजूने उलट काहीच उरत नाही. तो दारू प्यायलेला नव्हता हेसुद्धा सिद्ध होत नाही, कारण रक्ताची तपासणी झालेलीच नसते. उपचाराचा खर्च कोण करणार या भीतीने दवाखान्यात न थांबणारेही असतात. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा बिनपैशाचा उपचार आहे, हे चालकाला सांगून ठेवा.

चालक बदलायचा नाही. लायसन्स नसलेला पोरगा चालवत होता म्हणून रात्रीतून दुसऱ्याला उभे करायचे, हा धंदा अजून चालतो. फास्टॅगची नोंद, जी.पी.एस., दोघांच्या मोबाइलचे टॉवर लोकेशन आणि टोलनाक्याचा कॅमेरा यांतून तो तिसऱ्या तारखेला उघडा पडतो. मग खोटा पुरावा दिल्याचा गुन्हा वेगळा येतो आणि विम्याचे संरक्षणही हातचे जाते.

घटनास्थळाचा पंचनामा हा सगळ्या दाव्याचा कणा आहे, आणि तो बहुतेक वेळा मालकाच्या पाठीमागे लिहिला जातो. त्यात गाड्या शेवटी कुठे थांबल्या ते लिहिलेले असते. क्रेनने बाजूला केल्यानंतर पंचनामा झाला असेल तर तेही नसते. खरा प्रश्न धडक कुठे झाली हा आहे, आणि त्याच्या खुणा डांबरावर असतात. धडकेच्या क्षणी मडगार्डच्या आत चिकटलेली सुकी माती ढेकळांनी एकदम खाली पडते आणि तिथेच राहते. काचेचे तुकडे पुढे उडतात, माती उडत नाही. रेडिएटर किंवा ऑइल सांडल्याची रेघ जिथून सुरू होते, ती जागा धडकेच्या जवळ असते. मोटारसायकलचे हँडल किंवा फूटरेस्ट डांबरात खरवडले गेले असेल, तर त्या ओरखड्याचे पहिले टोक बघा. ही माती, ही रेघ आणि हे टोक मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या कोणत्या बाजूला आहे, याचा फोटो हवा. फोटोत मोजपट्टी आणि किलोमीटरचा दगड दिसला पाहिजे. दगडापासूनचे अंतर, दोन्ही कडांपासूनचे अंतर आणि डांबराची रुंदी, एवढी चार मापे पुरतात. चालकाच्या डब्यात पाच मीटरची टेप ठेवा. पाऊस पडला किंवा दोन तास वाहतूक गेली की माती संपली आणि मग उरतो फक्त "ट्रकने भरधाव येऊन धडक दिली" हा फिर्यादीचा मजकूर.

ब्रेक फेल झाला, हा चालकांचा लाडका बचाव. आमच्या मते मालकाला बुडवणारा याच्याइतका दुसरा नाही. ब्रेक फेल म्हटले की कोर्टाचा पुढचा प्रश्न येतो : देखभाल कोणाची होती? दोष अचानक आला आणि नेहमीच्या तपासणीत दिसण्यासारखा नव्हता, हे मालकाने दाखवायचे असते. बिजासन, लळिंग किंवा कोंडाईबारी घाटात जे घडते त्याला बहुधा अचानक म्हणता येत नाही. डिझेल वाचवायला चालक उतारावर गिअर न्यूट्रल करतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, एक्झॉस्ट ब्रेक असून नसल्यासारखा होतो. सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनिंग जळल्याचा वास येतो आणि पकड सुटते. वारंवार पाय मारल्याने टाकीतली हवा उतरते, ती वेगळी. यात नळी फुटलेली नसते, पार्ट तुटलेला नसतो. नंतर मोटार वाहन निरीक्षक तपासतो तेव्हा गार झालेला ब्रेक चालू स्थितीत सापडतो आणि अहवालात "यांत्रिक दोष आढळला नाही" असे येते. चालकाचे सांगणे तिथेच खोटे ठरते. पळासनेरला जुलै २०२३ मध्ये ताबा सुटलेला कंटेनर हॉटेलात शिरला, त्यानंतर तरी घाटात खालच्या गिअरची शिस्त चालकांना लावायला हवी होती. आणि ब्रेकचा बचाव खरोखर घ्यायचाच असेल तर लायनिंग कधी बदलले, स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई काढणारा भाग) कधी घेतले, हवा कुठे गळत होती, याची गॅरेजची बिले तारखेनिशी हवीत. निरीक्षकाची तपासणी आणि कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत गाडीच्या एकाही नटाला हात लावू नका.

उभ्या गाडीचे दावेही कमी नसतात. पारोळा-एरंडोल पट्ट्यात रात्री टायर बदलायला लावलेल्या ट्रकला मागून मोटारसायकल धडकते. मालक म्हणतो, गाडी तर उभी होती. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात इशाऱ्याच्या दिव्यांशिवाय महामार्गावर उभ्या केलेल्या ट्रकलाच जबाबदार धरले आणि धडकणाऱ्याच्या माथी वाटा टाकला नाही. त्रिकोण, पार्किंग लाइट, मागची परावर्तक पट्टी आणि मागचा संरक्षक बार, या चारही गोष्टी चालू स्थितीत होत्या याचा फोटो धडकेनंतर लगेच काढलेला हवा. पट्टीवर चिखल बसला असेल तर ती असून उपयोग नाही.

कॅमेऱ्यांचे फुटेज ढाबे आणि पंप साधारण पंधरा-तीस दिवसांत पुसतात. तिसऱ्या दिवसाच्या आत लेखी मागणी करा आणि पोच घ्या. जी.पी.एस.चा वेगाचा तक्ता पुरवठादाराकडून घेताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा), दोन्ही भाग भरून घ्या. त्याशिवाय ती नुसती रंगीत प्रिंट. मालकांच्या व्हॉट्सॲपबद्दल एक वेगळी गोष्ट. केळीची गाडी उद्या दिल्लीत पाहिजे, झोपू नको, असा निरोप तुमच्याच फोनवरून गेला असेल तर तो तुमच्याविरुद्ध वाचला जाईल. कायद्यात चालकाला दिवसाला आठ तास आहेत.

एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १५०अ आणि त्याच्या परिशिष्टाने पोलिसांच्या तपासाला वेळापत्रक आले आहे. पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. यात फॉर्म ३ चालकाचा आणि फॉर्म ४ मालकाचा, दोन्ही ३० दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचे असतात. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत हे फॉर्म बहुधा कोरे किंवा पोलिसांनीच भरलेले असतात. फॉर्म ४ ला लायसन्सचे प्रिंट, परमिट, फिटनेस, विमा आणि चालकाला कामावर ठेवल्याचा कागद जोडून पोच घेतली, तर कंपनीच्या "मालकाने काहीच दिले नाही" या वाक्याचा दम जातो. सविस्तर अहवालानंतर कंपनीने ३० दिवसांत आपला निर्णय कळवायचा असतो.

गाडी सोडवण्यासाठी निरीक्षकाचा अहवाल आल्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज द्यायचा, आर.सी., विमा आणि ओळखपत्र जोडून. ठाण्याच्या आवारात गाडी सडवू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे, त्यामुळे फोटो आणि हमीपत्रावर ती मिळते. विमाच नसेल तर भरपाईपुरती सुरक्षा दिल्याशिवाय मिळत नाही.

फौजदारी खटला चालकावर असतो : मृत्यू असेल तर भारतीय न्यायसंहितेचे कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ट्रकचालकांच्या संपाला कारण झालेले १०६(२), म्हणजे न कळवता पळून गेल्यास दहा वर्षे, संहितेबरोबर लागू झाले नाही. या खटल्यात दोन घोळ होतात. जखमींच्या किरकोळ प्रकरणात चालक लोकअदालतीत गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि मोकळा होतो. तीच कबुली दाव्यात निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून निशाणीला लागते. दुसरे, चालक निर्दोष सुटला म्हणजे दावा संपला असे नाही, कारण दाव्यात पुराव्याची पट्टी वेगळी असते. चालकाचा गावचा पत्ता आणि दोन नातेवाइकांचे नंबर आधीच घेऊन ठेवा. तीन वर्षांनी साक्षीची वेळ येते तेव्हा तो सेंधव्याच्या पलीकडे कुठल्या गावी असतो हे मालकाला माहीत नसते, आणि साक्षीला न आलेल्या चालकाविरुद्धच अनुमान निघते.

मांडवली करू नका. शंभराच्या स्टॅम्पवर "आमची काही तक्रार नाही" असे विधवेकडून लिहून घेतल्याने मुलांचा हक्क जात नाही. अज्ञान (अल्पवयीन) मुलांच्या वतीने तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, ही पॉलिसीचीच अट आहे. तुम्ही दिलेले दोन लाख बुडतात आणि कंपनीला बचाव मिळतो. माणुसकी म्हणून दवाखान्याचे बिल भरायचे तर भरा, पावती घ्या, कागद लिहून घेऊ नका. लोकअदालतीत कंपनी तडजोड करते तेव्हा पुरसिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) "मालकाकडून वसुलीचा हक्क राखून" हे शब्द आहेत का, ते सही करण्यापूर्वी वाचा. असतील तर सही करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर मात्र ९० दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येते, २५ हजार किंवा निम्मी रक्कम यांपैकी जी कमी ती भरून.

शेवटचा मुद्दा विकलेल्या गाड्यांचा. नोटरीवर करार झाला, ताबा दिला, पैसे मिळाले, आणि आर.सी.वर नाव मात्र जुनेच. २०१८ च्या निकालाप्रमाणे आर.टी.ओ.च्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मालक. मधे गाडी चार हातांनी फिरली असली तरी. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) घेणाऱ्याच्या हातात कोरे सही करून देऊ नका. विकणाऱ्याने स्वतः १४ दिवसांत कळवायचे असते. तुमच्या दारातून गेलेल्या गाड्यांचे नंबर आजच परिवहनच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव अजून तुमचेच दिसले तर नोटरीचा कागद घेऊन आधी आर.टी.ओ. गाठा.

आपले,
मोटार अपघात दाव्यांत गाडीमालकांची बाजू चालवणारे धुळे-जळगावचे काही वकील आणि वाहन तपासणीतले जाणकार